जुना माल आणि विकणाऱ्याची ओळख : कौटिल्याच्या बाजारापासून लष्करच्या सराफ्यापर्यंत

लष्करच्या सराफ्यात जुनी पाटली किंवा बोरमाळ मोडायला गेलं, की दुकानदार आधी कसोटीवर कस लावतो, मग कॅरेट मशीनमध्ये ठेवतो, वजन करतो आणि भाव सांगता सांगता विचारतो, "आयडी आणलाय ना?" पुष्कळांना हा प्रश्न लागतो. आजेसासूच्या हातातली पाटली, आणि आम्हाला ओळखपत्र मागतात, म्हणजे आम्ही काय चोर? तिथेच बाकावर बसलेला दुसरा कोणी म्हणतो, हे सगळं नोटबंदीनंतरचं, पूर्वी असं नव्हतं.

पूर्वीही असंच होतं. कागद वेगळा होता, प्रश्न हाच होता. जुनी वस्तू विकत घेणाऱ्याने विकणाऱ्याला "तू कोण आणि ही वस्तू तुझ्याकडे कशी आली?" असं विचारायचं, हा नियम आपल्याकडे दोन हजार वर्षांच्या आसपास लिहून ठेवलेला आहे. तो नियम कसा बदलत आला आणि ग्वाल्हेरच्या जुन्या घरांत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याचं काय, हे या लेखात क्रमाने पाहू.

कसोटीला न कळणारी गोष्ट

मी पेशाने इंजिनिअर. कारखान्यात पोलादाची प्लेट आली की तिच्यावर हीट नंबर असतो. त्या नंबरावरून प्लेट कोणत्या भट्टीतून, कोणत्या दिवशी ओतली गेली ते सापडतं. नंबर पुसला गेला तर प्लेट तीच, ताकद तीच, पण ती बॉयलरला वापरता येत नाही, कारण तिचा मागचा इतिहास तुटला.

जुन्या मालाचं तसंच आहे. प्रत्येक वस्तूबद्दल दोन प्रश्न असतात : ही काय आहे, आणि ही कोणाची आहे. पहिल्याचं उत्तर कसोटी, तराजू, मशीन देतं. दुसऱ्याचं उत्तर वस्तूत नसतं, ते माणसांत असतं. नव्या मालाला कारखान्याचं बिल असतं. जुन्या मालाचं बिल हरवलेलं असतं, नाहीतर कधी नव्हतंच. म्हणून जुन्या बाजाराने सगळीकडे तीनच उपाय शोधले. एक, विकणारा ओळखीचा असावा. दोन, व्यवहार चारचौघांत व्हावा. तीन, व्यवहाराची नोंद राहावी. पुढचा सगळा इतिहास या तीन उपायांच्या कमी-जास्त मिश्रणाचा आहे.

'पुराणभांड' आणि संस्थाध्यक्ष

कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी आर. शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये म्हैसूरला छापून प्रसिद्ध केली. त्यातलं चौथं अधिकरण 'कंटकशोधन', म्हणजे समाजाला टोचणारे काटे काढण्याचं. त्यात जुन्या मालाला चक्क वेगळा शब्द आहे, 'पुराणभांड'. भांड म्हणजे इथे नुसतं भांडं नव्हे, कुठलाही विक्रीचा माल.

बाजारावर देखरेख करणारा अधिकारी तो संस्थाध्यक्ष. त्याचं एक काम असं सांगितलं आहे, की जुना माल विकायला किंवा गहाण ठेवायला आणणाऱ्याने तो आपला असल्याचं दाखवलं, तरच त्याने बाजारात परवानगी द्यावी. याच अधिकरणात पुढे, संशयितांना पकडण्याच्या प्रकरणात, हीच गोष्ट उलट बाजूने येते : संस्थाध्यक्षाला कळवल्याशिवाय कोणीही जुना माल गहाण ठेवू नये की विकू नये. हरवलेल्या वा चोरलेल्या वस्तूची खबर त्या त्या मालाच्या व्यापाऱ्यांना द्यायची. खबर मिळूनही व्यापाऱ्याने वस्तू लपवली तर तो चोराचा साथीदार. त्याला माहीत नव्हतं आणि वस्तू परत केली, तर तो सुटला.

सोनारांसाठी तर दंडाचं कोष्टकच आहे. संशयास्पद हातातून, न कळवता, सोन्या-चांदीची वस्तू आहे त्या रूपात घेतली तर १२ पण दंड. रूप बदललेली घेतली तर २४. चोराच्या हातून घेतली तर ४८. दर पायरीला दंड दुप्पट. रूप बदलण्याला वेगळी पायरी का, हे सराफ्यात बसणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. पाटली मुशीत गेली, लगड झाली, की मालकाला ती ओळखता येत नाही. सोनं तेवढंच राहतं, ओळख जाते. आजही चोरीच्या दागिन्यांच्या तपासात पोलिसांची घाई असते ती दागिना वितळायच्या आत पोचण्याची.

अस्वामिविक्रय : मालक नसलेल्याने केलेली विक्री

धर्मशास्त्रात दाव्यांची अठरा पदं मानली आहेत. त्यातलं एक 'अस्वामिविक्रय'. मालक नसलेल्याने वस्तू विकली तर काय, हा त्याचा विषय. याज्ञवल्क्य स्मृतीत मूळ तत्त्व साधं आहे : दुसऱ्याने विकलेली आपली वस्तू मालकाने परत घ्यावी. घेणाऱ्याने तिचा विकणारा दाखवून दिला तर घेणारा सुटतो, मालकाला वस्तू मिळते, घेणाऱ्याला त्याचे पैसे विकणाऱ्याकडून परत मिळतात आणि राजाला दंड.

पण घेणाऱ्याला चोर समजावं अशा चार खुणाही तिथे दिल्या आहेत : एकांतात घेणं, फार कमी किमतीत घेणं, अवेळी घेणं, आणि 'हीन' माणसाकडून घेणं. अकराव्या-बाराव्या शतकाच्या सुमारास कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारी विज्ञानेश्वराने या स्मृतीवर 'मिताक्षरा' टीका लिहिली आणि ती महाराष्ट्रासह देशाच्या मोठ्या भागात न्यायाचा आधार बनली.

या चार खुणांकडे नीट पाहा. पहिल्या तीन व्यवहाराबद्दल आहेत : जागा, भाव, वेळ. चौथी माणसाबद्दल आहे. पहिल्या तीन आजच्या कुठल्याही पोलीस ठाण्यात जशाच्या तशा चालतील. रात्री दहाला मागच्या दाराने निम्म्या भावात आलेला माल संशयाचाच. चौथीमध्ये मात्र एक धोका दडलेला आहे. हीन कोण, हे ठरवायचं कोणी? या प्रश्नाने पुढे फार लोकांचं नुकसान केलं. त्याकडे परत येऊ.

मनुस्मृतीचा भर उघडेपणावर आहे. लोकांसमोर, बाजारात किंमत देऊन घेतलं तर घेणाऱ्याला शिक्षा नाही, पण विकणारा सापडला नाही तर माल मूळ मालकाकडे जातो. इंग्लंडमध्ये तर याहून पुढची रूढी होती. उघड्या बाजारात, दिवसाढवळ्या, चांगल्या बुद्धीने घेतलेल्या वस्तूवर घेणाऱ्याचाच हक्क लागे, मग ती चोरीची का असेना. शतकानुशतकं चाललेली ही रूढी तिथल्या संसदेने १९९४ च्या कायद्याने रद्द केली, ती १९९५ च्या सुरुवातीपासून संपली. आपल्या १९३० च्या मालविक्री कायद्याने ती कधी घेतलीच नाही. आपल्याकडे नियम असा, की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे त्याहून जास्त हक्क घेणाऱ्याला मिळत नाही. चोराकडे हक्क नाही, म्हणून त्याच्याकडून घेणाऱ्याकडेही नाही. जुन्या मालाचा दुकानदार ओळखपत्र का मागतो याचं निम्मं उत्तर इथे आहे : माल परत गेला तर त्याचे पैसे बुडतात, आणि ते मागायचे कोणाकडे, हे त्याला माहीत असावं लागतं.

कोतवाल, दलाल आणि माग

ग्वाल्हेर जिल्ह्यातल्या आंतरीला अबुल फझलची कबर आहे. १६०२ मध्ये त्याला इकडेच मारलं. त्याच्या 'आईन-ए-अकबरी'त कोतवालाची कामं सांगितली आहेत. घरांची नोंद ठेवायची, मोहल्ल्यावर एक प्रमुख नेमायचा, येणाऱ्या-जाणाऱ्यांची खबर घ्यायची. चोरीला गेलेला माल शोधून काढायचा, नाहीतर भरपाईची जबाबदारी कोतवालावर. आणि आपल्या विषयाचं मुख्य कलम : प्रत्येक कारागीर जमातीतून एक चौधरी आणि एक दलाल नेमायचा, खरेदी-विक्री त्यांच्या माहितीने व्हावी, आणि त्यांच्याकडून वेळोवेळी खबर घ्यावी. म्हणजे ओळख पटवण्याचं काम सरकारने बाजारातल्याच माणसावर सोपवलं. दलाल कमिशन घेई, ते यासाठीही.

मराठी मुलखात पुण्याच्या कोतवालीकडे पेठांतले तंटे, बाजारभाव, शहरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद अशी कामं असत. गावात पद्धत वेगळी. चोरी झाली की जागल्या किंवा रामोशी माग काढत निघे. माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत गेला की तिथल्या राखणदाराच्या स्वाधीन करायचा. ज्या गावाच्या हद्दीतून माग पुढे निघत नसे, त्या गावावर भरपाई येई. पेशवाई संपल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये दख्खनच्या कारभाराचा अहवाल लिहिला, त्यातही गावाच्या या जबाबदारीचं वर्णन आहे. वस्तू ज्याच्याकडे येऊन थांबली त्याने ती कुठून आली ते दाखवावं, नाहीतर भरावं. नियम तोच, फक्त माणसाऐवजी गावाला लावलेला.

दौलतराव शिंद्यांचा तळ १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली पडला आणि त्या लष्कराचंच शहर झालं. छावणीच्या बाजारात माल दूरदूरच्या मुलखांतून येई, आणि विकणारा आज इथे, तर उद्या मोहिमेवर. अशा ठिकाणी सावकार-सराफाचा भरवसा कशावर? ओळखीवर आणि वहीवर. जुन्या मराठी कीर्दीत रकमेपुढे 'हस्ते अमुक' लिहिण्याची पद्धत होती. पैसे किंवा माल प्रत्यक्ष कोणाच्या हातून आला, ते नाव. खातं एकाचं असेल, वस्तू दुसऱ्याने आणली असेल, तर दोघांची नावं येत. मोडीत लिहिलेला हा 'हस्ते' म्हणजे त्या काळची ग्राहक-ओळखच. आज महाराज बाड्याच्या परिसरात सराफा आणि कोतवाली ठाणं एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. जुनी शहरं वसवताना या दोन जागा जवळ ठेवणं सोयीचंच होतं.

१८६० : 'मानण्यास कारण'

इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत चोरीचा माल या विषयाला पाच कलमं दिली, ४१० ते ४१४. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसं मानण्यास कारण असून अप्रामाणिकपणे घेतला तर कलम ४११, तीन वर्षांपर्यंत कैद. असा धंदाच करणाऱ्याला ४१३, जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ११४ मधलं पहिलंच उदाहरण असं, की चोरीनंतर लवकरच ज्याच्याकडे माल सापडतो आणि जो त्याचा हिशेब देऊ शकत नाही, तो चोर आहे किंवा चोरीचा माल जाणून घेणारा आहे, असं न्यायालय गृहीत धरू शकतं.

ग्वाल्हेर संस्थान होतं, त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इथे आपोआप लागू नव्हते. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झालं आणि १९५१ च्या कायद्याने 'ब' वर्गातल्या राज्यांना दंडसंहिता आणि पुरावा कायदा लागू झाला. १ जुलै २०२४ पासून या पाचही कलमांचा मजकूर भारतीय न्याय संहितेच्या एकाच ३१७ व्या कलमात आला आहे. पुराव्यातलं ते उदाहरण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ११९ व्या कलमात आहे. शब्द थोडे हलले, अर्थ तोच.

सगळी गंमत त्या 'मानण्यास कारण'मध्ये आहे. सराफाच्या मनात काय होतं ते न्यायालय कसं ठरवणार? व्यवहारावरून. भाव बाजाराचा दिला का? पावती केली का? विकणाऱ्याचं नाव-पत्ता घेतला का? दिवसा, दुकानात घेतला का? याज्ञवल्क्याची जागा-भाव-वेळ इथे वकिलाच्या उलटतपासणीत परत येते. म्हणून ओळखपत्राची झेरॉक्स हा सराफाचा स्वतःचा बचाव आहे. सराफांची तक्रारही खरी आहे. आरोपी पोलिसांसमोर "अमक्या दुकानात विकलं" एवढं म्हणतो, आणि नोंद नसेल तर प्रामाणिक दुकानदाराला आपला प्रामाणिकपणा सिद्ध करता येत नाही. नोंद असेल तर तोच साक्षीदार होतो, नसेल तर आरोपी.

याच काळात ती चौथी खूण, 'हीन' माणूस, कायद्यात शिरली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसह कितीतरी जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवलं. त्यांची नोंदणी, हजेरी, गाव सोडायला परवाना. वस्तूचा इतिहास तपासायचा सोडून माणसाची जात तपासणं सोपं वाटलं. कायदा १९५२ मध्ये संपला, म्हणून या जमाती 'विमुक्त' म्हणवतात. पण भंगार वेचणाऱ्या बाईला दुकानात जसं विचारलं जातं आणि मोटारीतून उतरलेल्याला जसं विचारलं जातं, त्यातला फरक आजही डोळ्यांना दिसतो. माझ्या मते वही सगळ्यांसाठी सारखी असण्याचा मोठा फायदा हाच : ती सगळ्यांना एकच प्रश्न विचारते.

आजचं दुकान : सोनं, मोबाइल, गाडी

आता आजची स्थिती. तीन वेगवेगळी कारणं एकमेकांत मिसळल्यामुळे लोकांचा गोंधळ होतो, म्हणून वेगळी करून सांगतो.

पहिलं कारण कराचं. १ जानेवारी २०१६ पासून दोन लाख रुपयांवरच्या खरेदी-विक्रीला पॅन द्यावा लागतो. १ एप्रिल २०१७ पासून दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही. दुसरं कारण काळ्या पैशाचं. डिसेंबर २०२० च्या अधिसूचनेने दहा लाख किंवा जास्त रोख व्यवहार करणारे सोन्या-हिऱ्यांचे व्यापारी मनी लाँडरिंग कायद्याच्या कक्षेत आले. दोन लाखांखालच्या रोख खरेदीला या कायद्याने नवी केवायसी लागलेली नाही, असा खुलासा अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२१ मध्ये केला. तिसरं कारण चोरीचं, आणि त्याला रकमेची मर्यादाच नाही. पाच हजारांचं डोरलंही चोरीचं असू शकतं. म्हणजे छोट्या व्यवहारात दुकानदार ओळख मागतो ती बहुधा कराच्या नियमाने नव्हे, ३१७ व्या कलमाच्या धाकाने.

सोनं गहाण ठेवतानाही हाच प्रश्न आला. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये सोनेतारण कंपन्यांना सांगितलं, की तारण २० ग्रॅमच्या वर असेल तर मालकी कशी पडताळली त्याची नोंद ठेवा. प्रत्येक दागिन्याचं मूळ बिल असलंच पाहिजे असं नाही, पण मालकीचं काहीतरी लेखी विधान हवं. वंशपरंपरेच्या दागिन्यांना बिल नसतं हे बँकेलाही ठाऊक आहे.

सोन्याच्या नव्या दागिन्यांवर १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी सक्तीचा झाला. हीट नंबरासारखाच, प्रत्येक नगाला वेगळा. पण मुशीत गेला की तोही वितळतो, आणि आजीच्या पाटलीवर तो नसतोच.

मोबाइलचं उलट आहे. त्याची ओळख आतच असते, १५ अंकी आयएमईआय. *#०६# दाबलं की पडद्यावर येते. चोरीचा फोन बंद करणारी सीईआयआर ही सरकारी व्यवस्था मे २०२३ पासून देशभर चालू आहे. जुना फोन घेण्याआधी 'केवायएम' लिहून पुढे आयएमईआय टाकून १४४२२ वर संदेश पाठवला की फोनची स्थिती कळते. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात अशा ओळख-क्रमांकात फेरफार करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड आहे. मुंबईसारख्या शहरांत पोलीस वेळोवेळी आदेश काढून जुन्या फोनच्या विक्रेत्यांना ग्राहकाचं नाव, पत्ता, ओळखपत्र यांची वही ठेवायला लावतात.

जुन्या गाड्यांना आरसी, इंजिन क्रमांक आणि चासिस क्रमांक असतो. तरी मधल्या दलालाच्या काळात गाडी कोणाची, हा घोळ होता. विकणाऱ्याने गाडी दिली, नाव बदललं नाही, आणि चलान जुन्या मालकाच्या घरी. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या मोटार वाहन नियमांच्या दुरुस्तीने जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला अधिकारपत्र घ्यावं लागतं आणि गाडी त्याच्या ताब्यात आल्याची सूचना परिवहन खात्याला द्यावी लागते. 'आईन'मधल्या नेमलेल्या दलालाचीच ही नवी आवृत्ती.

आता ओळखपत्राच्या झेरॉक्सबद्दल. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात खासगी संस्थांना आधार वापरू देणारा आधार कायद्यातला भाग रद्द केला. तेव्हा "आधारच द्या, दुसरं चालणार नाही" असा हट्ट खासगी दुकानाला धरता येत नाही. मतदार ओळखपत्र, वाहन परवाना दाखवता येतो. आधार द्यायचंच असेल तर शेवटचे चारच अंक दिसणारं 'मास्क्ड' आधार द्यावं. झेरॉक्सवर तारीख, दुकानाचं नाव आणि कारण लिहून सही करावी. वहीचा हेतू चोर पकडणं हा आहे. तुमच्या कागदाचा गठ्ठा रद्दीत जाणं हा नव्हे.

जुनी वस्तू आणि वारसा

इतिहासप्रेमींसाठी या विषयाचं खरं मोल इथून पुढे आहे. १९४६ मध्ये भरतपूरजवळ बयाना भागात शेतात तांब्याचा हंडा सापडला. आत गुप्तकाळातली सोन्याची नाणी, सुमारे २,१००. त्यातली काहीशे वितळवली गेली, १,८०० हून जास्त वाचली. वाचलेल्यांचा ग्रंथ डॉ. अ. स. आळतेकरांनी १९५४ मध्ये सिद्ध केला आणि गुप्त सम्राटांच्या नाण्यांबद्दलचं ज्ञान एकदम वाढलं. वितळलेल्या नाण्यांत काय होतं, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. १८७८ च्या गुप्तधन कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरची सापड कलेक्टरला कळवायची असते. हा कायदा आजही आहे.

मूर्तींचं तेच. खजुराहोची पोपट घेतलेली स्त्री, वालुकाश्मातली, २०११ मध्ये कॅनडात ज्या माणसाकडे सापडली त्याच्याकडे योग्य कागद नव्हते. तिथल्या सरकारने ती ताब्यात घेतली आणि एप्रिल २०१५ मध्ये भारताला परत दिली. तमिळनाडूतल्या श्रीपुरंथनचा नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ मध्ये सुमारे ५० लाख डॉलरला घेतला, तोही मागच्या मालकीचे कागद पाहून. कागद बनावट निघाले, २०१४ मध्ये मूर्ती परत आली. म्हणजे कागद मागणं पुरत नाही, कागद तपासावाही लागतो.

युनेस्कोच्या १९७० च्या करारात सदस्य देशांनी पुरावस्तूंच्या व्यापाऱ्यांना नोंदवही ठेवायला लावावी असं कलम आहे : वस्तू मूळची कुठली, देणाऱ्याचं नाव-पत्ता, वर्णन आणि किंमत. शब्द आधुनिक, पण कौटिल्याच्या संस्थाध्यक्षाला यात नवं काही वाटलं नसतं. भारताचा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा १९७२ चा, अंमल १९७६ पासून. शंभर वर्षांहून जुनी वस्तू, आणि ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाचं ७५ वर्षांहून जुनं हस्तलिखित, हे पुरावस्तू. त्यांचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही, परवानाधारकाला नोंदी आणि छायाचित्रं ठेवावी लागतात. मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या अशा ठरावीक वर्गांची मालकानेही नोंदणी करायची असते आणि हस्तांतर झालं की नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं असतं.

ग्वाल्हेर संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याने मो. ब. गर्दे यांच्या देखरेखीखाली गूजरी महालात संग्रहालय उभं केलं. तिथल्या नरेसरच्या योगिनी, ग्यारसपूरची शालभंजिका आज आपण पाहू शकतो, कारण त्या कुठून आल्या याची नोंद त्या वेळी कोणीतरी केली.

वाडा रिकामा होण्याआधी

लष्करमधले जुने मराठी वाडे एकेक करून रिकामे होताहेत. मुलं पुण्याला, बेंगळुरूला, परदेशात. वाडा विकायचा ठरला की आठवडाभरात कबाडी येतो आणि पितळ किलोवर जातं, मोडी कागद रद्दीच्या भावात. घेणाऱ्याला ते काय आहे माहीत नसतं, देणाऱ्याला वेळ नसतो. मग तीच समई दिल्लीच्या दुकानात 'राजघराण्यातली' म्हणून उभी राहते, खोट्या इतिहासासकट.

आपल्या आज्यांनी यावर एक उपाय केलेला होताच. भांड्यावर नाव घालून घ्यायच्या. तांब्यावर, परातीवर, घंगाळावर टोच्याने ठोकलेलं नाव, कधी गाव, कधी तारीख. कोणाच्या लग्नात आलं तेही. चोरीचं भांडं विकायला नेणाऱ्याची त्यामुळे पंचाईत होई, आणि इतिहासाच्या अभ्यासकाला आज ते छोट्या शिलालेखासारखं कामाला येतं. वितळायला टाकण्याआधी निदान त्या नावाचा फोटो काढा.

बाकी करायचं ते असं :

१. प्रत्येक जुन्या वस्तूचा उजेडात फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून. खूण, डाग, चीर, नाव यांचा जवळून वेगळा.

२. एका कागदावर : काय आहे, कशाचं आहे, माप, वजन, कोणाकडून आलं, साधारण कधी. वस्तूंची अशी नोंद करण्याची 'ऑब्जेक्ट आयडी' नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत १९९७ पासून आहे. चोरी झाली तर पोलिसांना हाच कागद लागतो.

३. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून त्या कागदावर सही घ्या. वंशपरंपरेच्या दागिन्याला बिल नाही, पण असं विधान सराफाला आणि बँकेला उपयोगी पडतं.

४. मूर्ती, चित्र, सचित्र पोथी शंभर वर्षांच्या आसपासची वाटली तर विकण्याआधी नोंदणी अधिकाऱ्याला दाखवा. देशाबाहेर नेणं हा गुन्हा आहे.

५. मोडी कागद, हिशेबाच्या वह्या, पत्रं रद्दीत घालू नका. मंडळाला कळवा. मोडी वाचणारे आपल्यात अजून आहेत.

६. विकलंच तर पावती घ्या, आणि दुकानदाराने ओळखपत्र मागितलं तर द्या. जो मागत नाही, त्याच्याकडे तुमची वस्तू गेली की तिचा माग तिथेच संपतो.